कुठून, कुठे, किती आणि केव्हा

राज्यातल्या कुठल्याही डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात मायक्रोप्रोसेसरचं जर्नल उघडून बघा. सुरुवातीच्या काही पानांवर ‘ब्लॉक ट्रान्सफर’ नावाचा प्रयोग हमखास सापडतो. मेमरीच्या एका भागात ठेवलेले दहा बाइट दुसऱ्या भागात नेऊन ठेवायचे, एवढाच तो प्रयोग. कित्येक बॅचेस तो करून बाहेर पडल्या. गंमत म्हणजे कॉपी कशी करायची हे शिकवणारा हा प्रयोग बहुतेक मुलं एकमेकांच्या जर्नलमधून कॉपी करतात. सबमिशनच्या आदल्या रात्री तो उतरवला जातो, सकाळी सही होते, ओरलला एखादा प्रश्न येतो आणि विषय संपतो.

यात मुलांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. परीक्षेच्या काळात कॉपीमुक्त अभियानाचे फलक लागतात आणि निकालानंतर सगळे विसरतात, तसंच हेही. मला मात्र वाटतं की दोष प्रयोगात नाही. तो ज्या यंत्रावर करायला लावला जातो, ते यंत्र मुलाला या कामाची गरजच कळू देत नाही. हाच प्रयोग जुन्या गेमच्या यंत्रावर करून घेतला, तर हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या मुलाला कॉम्प्युटर आतून कळण्याची शक्यता कितीतरी वाढेल. ‘गेम’ हा शब्द ऐकूनच आपल्याकडचे पालक आणि शिक्षक नाक मुरडतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगायला हवं.

प्रयोगात असतं काय?

लॅबमधलं ८०८५चं किट म्हणजे एक हिरवा बोर्ड, वीसेक बटणं आणि लाल आकडे दाखवणारी छोटी पट्टी. इंटेलने ही चिप १९७६मध्ये आणली. ती ६४ किलोबाइट मेमरीपर्यंतचे पत्ते ओळखते. दहा बाइट हलवण्यासाठी तिला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठून उचलायचं, कुठे ठेवायचं आणि किती. एका रजिस्टरच्या जोडीत मूळ जागेचा पत्ता, दुसऱ्या जोडीत नव्या जागेचा पत्ता आणि तिसऱ्या रजिस्टरमध्ये संख्या. मग एक बाइट उचला, ठेवा, दोन्ही पत्ते एकने पुढे सरकवा, संख्या एकने कमी करा, शून्य झाली नसेल तर पुन्हा वर जा. सहा सूचनांचा हा लूप आहे.

इथे बारकाईने बघणाऱ्याला पहिली गोष्ट खटकते ती सूचनेच्या नावाची. सूचनेला ‘मूव्ह’ म्हणतात, पण काहीच हलत नाही. मूळ जागी बाइट तसाच राहतो, दुसऱ्या जागी त्याची प्रत तयार होते. कॉम्प्युटरमध्ये ‘हलवणं’ ही बहुतेक वेळा नक्कलच असते. मोबाइलमधून डिलीट केलेला फोटो परत का मिळू शकतो, हा प्रश्न पडलेल्या मुलाच्या हातात उत्तराचं पहिलं टोक इथेच येतं.

दुसरी गोष्ट संख्येची. दहाच्या जागी चुकून शून्य लिहिलं तर काय होईल? काहीच कॉपी होणार नाही, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात २५६ बाइट कॉपी होतात. कारण लूप आधी एक कमी करतो आणि मग शून्य झालं का ते बघतो. शून्यातून एक वजा केला की आठ बिटच्या रजिस्टरमध्ये २५५ उरतात आणि गाडी पुढे चालू राहते.

तिसरी गोष्ट त्याहून चकवणारी. २५६पेक्षा जास्त बाइट हलवायचे असले तर संख्या रजिस्टरच्या जोडीत ठेवावी लागते. पण ८०८५मध्ये जोडीतून एक वजा करणारी सूचना शून्याचा झेंडा, म्हणजे झिरो फ्लॅग, बदलतच नाही. त्यामुळे वरचाच लूप तसाच लिहिला तर तो एक बाइट हलवून थांबतो, नाहीतर कधीच थांबत नाही. जोडीतले दोन्ही अर्धे एकमेकांशी ‘ऑर’ करून शून्य झालं का, हे स्वतः तपासावं लागतं. जर्नल उतरवणाऱ्या मुलाच्या वहीत त्या दोन जादा सूचना असतात, पण त्या तिथे का आहेत हे त्याला ठाऊक नसतं.

चौथी गोष्ट एकमेकांवर चढलेल्या जागांची. समजा २००० ते २००९ या जागांवर दहा बाइट आहेत आणि ते २००५पासून पुढे ठेवायचे आहेत. सुरुवातीपासून कॉपी करत गेलो तर पहिले पाच बाइट २००५ ते २००९वर पडतात आणि तिथले मूळ पाच पुसले जातात. त्यानंतर आपण त्या जागांवरून जे उचलतो ते मूळ नसतंच, आपणच टाकलेलं असतं. शेवटी पहिले पाच बाइट दोनदा उमटतात आणि उरलेले पाच कायमचे जातात. उपाय साधा आहे, शेवटून सुरुवात करायची. बाकावर बसलेल्या माणसांना उजवीकडे दोन जागा सरकायला सांगितलं की सर्वांत उजवीकडचा आधी उठतो, तसंच.

एवढं सगळं या एका प्रयोगात आहे. मग तो मुलांना निर्जीव का वाटतो? कारण किटवर त्याचा परिणाम दिसत नाही. दहा बाइटचा लूप ३ मेगाहर्ट्झच्या किटवर साधारण १३३ मायक्रोसेकंदांत संपतो. तो दहापट हळू लिहिला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. चुकलं तर लाल आकडे वेगळे दिसतात, रीसेट दाबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. दहा बाइट इकडून तिकडे गेले याचं मुलाला सुखदुःख काही नसतं. ते कशाचे होते, तेही त्याला माहीत नसतं.

टीव्ही गेमच्या आत

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही आपल्याकडच्या गावांत ‘टीव्ही गेम’ नावाची वस्तू होती. दोन रिमोट, एक डबा आणि वरून खुपसायची कॅसेट. मारिओ, कॉन्ट्रा ही नावं इंग्रजी न येणाऱ्या मुलांनाही पाठ होती. हा डबा म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३मध्ये आणलेल्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती. ‘९९९९ इन १’ असं लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे खेळ मोजकेच असत. उरलेले आकडे म्हणजे तेच खेळ पुढच्या लेव्हलपासून किंवा जादा जीव देऊन पुन्हा लावलेले.

त्या डब्यात दोन वेगवेगळ्या मेमरी होत्या. मूळ यंत्रात मुख्य प्रोसेसरकडे कामासाठी फक्त २ किलोबाइट रॅम होती. चित्र काढणाऱ्या चिपकडे तिची स्वतःची वेगळी २ किलोबाइट मेमरी होती. मुख्य प्रोसेसर त्या दुसऱ्या मेमरीला थेट हात लावू शकत नव्हता. दोघांच्या मध्ये एक छोटी खिडकी होती. आधी खिडकीवर पत्ता सांगायचा, तोही दोन हप्त्यांत, मोठा भाग आधी आणि छोटा नंतर. मग एकेक बाइट आत सरकवायचा. पडद्यावरचा प्रत्येक ढग, वीट आणि स्कोअरचा प्रत्येक आकडा याच खिडकीतून आत गेलेला असतो.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. येलदरीचं पाणी थेट शेतात येत नाही. ते पूर्णेतून खाली सिद्धेश्वरला येतं आणि तिथून कालव्याला लागतं. साठा एकीकडे, वापर दुसरीकडे आणि मध्ये पाणी सोडण्याचा हिशेब. गेमच्या डब्यातही कॅसेटमधला साठा, कामाची रॅम आणि चित्राची मेमरी असे टप्पे आहेत. गेम लिहिणाऱ्याचा बराचसा वेळ या टप्प्यांमध्ये बाइट कसे आणि कधी सोडायचे, हे ठरवण्यात जातो.

दोन ओळखीचे खेळ बघू. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. ३२ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट चित्रं. यातली चित्रांची चिप कॅसेटमध्येच होती आणि ती चित्र काढणाऱ्या चिपला थेट जोडलेली होती. त्यामुळे चित्रांचे तुकडे कॉपी करावे लागत नसत, कुठला तुकडा कुठे लावायचा एवढंच सांगावं लागे. ‘कॉन्ट्रा’च्या अमेरिकी आवृत्तीत वेगळी रचना होती. तिथे चित्रांसाठी ८ किलोबाइटची रिकामी रॅम दिलेली होती आणि चित्रं १२८ किलोबाइटच्या प्रोग्राममध्येच दाबून भरलेली होती. प्रोग्राम ती उलगडतो आणि खिडकीतून त्या रॅममध्ये भरतो. म्हणजे हे काम आपल्या ब्लॉक ट्रान्सफरचंच, फक्त दहा बाइटच्या जागी हजारो बाइट. एका रचनेत कष्ट वाचतात, दुसरीत चित्रं हवी तेव्हा बदलता येतात. इंजिनिअरिंगमधला ‘हे घेतलं तर ते सोडावं लागतं’ हा धडा मुलांना यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येईल असं मला वाटत नाही.

चौथा प्रश्न

किटवरचा प्रयोग तीन प्रश्न विचारतो: कुठून, कुठे, किती. गेमचं यंत्र चौथा विचारतं: केव्हा?

निन्टेंडोचंच १९८९चं गेम बॉय घ्या. हातात मावणारं, १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा असलेलं. हे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण त्याचा प्रोसेसर ८०८५च्या कुळातला आहे. रजिस्टरांची नावं तीच. पत्त्यांच्या जोड्या त्याच. जोडीतून एक वजा केल्यावर झिरो फ्लॅग न बदलण्याची खोडही तीच. लॅबमध्ये ८०८५ शिकलेल्या मुलाला तो अनोळखी वाटणार नाही.

त्याचा पडदा सेकंदाला जवळपास ६० वेळा नव्याने काढला जातो. प्रत्येक वेळी १५४ ओळींचा हिशेब असतो. त्यातल्या १४४ ओळी दिसतात आणि शेवटच्या १० ओळींच्या वेळात पडदा विसावा घेतो. ओळ काढली जात असताना चित्राची चिप आपल्या मेमरीतून वाचत असते आणि त्या क्षणी प्रोसेसरला दार बंद असतं. तरीही कुणी बाइट टाकायला गेलं तर तो बाइट नुसता हरवतो. यंत्र तक्रार करत नाही, चूक दाखवत नाही. पडद्यावर मात्र चित्राच्या जागी चिंध्या दिसतात. दार सलग उघडं मिळतं ते शेवटच्या १० ओळींच्या वेळात, म्हणजे साधारण १.१ मिलिसेकंद.

शेतीपंपाला थ्री फेज ठरावीक तासच येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. वीज आल्यावर पाइप शोधत बसणाऱ्याचं शेत कोरडं राहतं. जाणता शेतकरी पाइप आधीच अंथरून ठेवतो, दारं कुठून धरायचं ते ठरवून ठेवतो आणि मोटार सुरू झाली की फक्त पाणी फिरवतो. गेम बॉयचा प्रोग्रामरही नेमकं हेच करतो. पडदा रंगत असताना तो पुढच्या चित्राची सगळी तयारी आपल्या रॅममध्ये करून ठेवतो. दार उघडलं की विचार करत नाही, फक्त कॉपी करतो.

आता किती कॉपी करता येईल त्याचा हिशेब मांडू. दार उघडं असतं तेवढ्या वेळात प्रोसेसरला १,१४० फेऱ्या मिळतात. किटवर शिकवला जातो तसा साधा लूप लिहिला तर एका बाइटला १३ फेऱ्या लागतात. भागाकार केला की ८७ बाइट येतात. चित्राचा एक चौकोनी तुकडा, ज्याला टाइल म्हणतात, १६ बाइटचा असतो. म्हणजे एका विसाव्यात जेमतेम ५ टाइल. पूर्ण पडद्यावर ३६० टाइल मावतात. साध्या लूपवर विसंबलो तर खेळ रांगत चालेल.

इथे मुलाचं डोकं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने चालू लागतं. तेरा फेऱ्यांपैकी प्रत्यक्ष उचल-ठेव करण्याच्या फक्त चार आहेत. बाकी नऊ पत्ता सरकवण्यात, मोजण्यात आणि परत वर जाण्यात जातात. मग मोजणं बंद केलं तर? एक टाइल १६ बाइटचीच असते हे आधीच माहीत आहे. तेव्हा उचल-ठेव सोळा वेळा सलग लिहून टाकायची, लूपच नको. टाइलची सुरुवात नेहमी १६च्या पटीतल्या पत्त्यावर असते, त्यामुळे पत्त्याच्या जोडीतला खालचा अर्धाच वाढवला तरी चालतो. आता एका बाइटला ५ फेऱ्या. एक टाइल ८० फेऱ्यांत. ५च्या जागी १३-१४ टाइल. यंत्र तेच, चिप तीच, एक रुपयाही खर्च नाही. बदलली ती फक्त लिहिणाऱ्याची समज. पण प्रोग्राम लांबला आणि कॅसेटमधली जास्त जागा खाल्ली, हेही सोबत आलंच.

याच यंत्रात कॉपी करण्यासाठी एक वेगळा नोकरही आहे. त्याला डीएमए म्हणतात. हलत्या चित्रांची यादी, ४० चित्रं आणि प्रत्येकी ४ बाइट अशी १६० बाइटची, तो १६० फेऱ्यांत पोचवतो. म्हणजे बाइटला एकच फेरी. पण त्याचं काम चालू असताना प्रोसेसरला नेहमीची मेमरी वापरता येत नाही. त्याला १२७ बाइटच्या एका छोट्या कोपऱ्यात उभं राहावं लागतं. प्रोसेसरची पुढची सूचना मेमरीतूनच येते, म्हणून डीएमए सुरू करणारा चिमुकला प्रोग्राम आधी त्या कोपऱ्यात कॉपी करून ठेवावा लागतो. कॉपी करणाऱ्यालाच आधी कॉपी करावं लागतं!

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. गेम बॉय चालू केल्याबरोबर त्याच्या पोटातला २५६ बाइटचा प्रोग्राम कॅसेटमधून ४८ बाइट उचलतो, ते मोठे करून चित्राच्या मेमरीत टाकतो आणि कंपनीचं नाव पडद्यावर सरकत खाली येतं. नंतर तो ते ४८ बाइट आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून बघतो. जुळले नाहीत तर यंत्र तिथेच थांबतं. म्हणजे डोळे उघडल्यावर यंत्र आधी कॉपी करतं आणि मग ती बरोबर आहे का ते तपासतं. आपली मुलं पहिलं काम करून दुसरं सोडून देतात, कारण दुसरं करायची सवय आपण लावलेली नाही.

‘याने नोकरी मिळेल का?’

पहिला आक्षेप ठरलेला आहे. असेंब्ली आता कोण लिहितं? पायथन शिका, एआय शिका. कॉपी करायला सी भाषेत एक ओळ पुरते.

ती एक ओळ पुरते हे खरं. पण त्या ओळीलाही तेच तीन प्रश्न विचारावे लागतात. २०१४च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघड झाली. जगभरातल्या असंख्य वेबसाइट ज्या ओपन-एसएसएल सॉफ्टवेअरच्या भरवशावर सुरक्षित समजल्या जात होत्या, त्यातली ती चूक होती. समोरचा संगणक काही मजकूर पाठवून म्हणायचा, एवढ्या लांबीचा मजकूर मला परत पाठव. सर्व्हर त्याने सांगितलेली लांबी न तपासता तितके बाइट कॉपी करून द्यायचा. मजकूर एका शब्दाचा आणि लांबी ६४ हजारांची सांगितली, तर त्या शब्दाच्या शेजारी मेमरीत पडलेलं सगळं बाहेर जायचं. त्यात पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्या असू शकत होत्या. मोठमोठ्या कंपन्यांची झोप उडवणारी ही चूक मुळात ‘किती?’ हा प्रश्न न विचारल्याची होती. किटवर दहाच्या जागी शून्य टाकून २५६ बाइट सांडलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

एआयचंही तसंच आहे. आज ज्या महागड्या चिपांची चर्चा आहे, त्यांच्यावर काम करणाऱ्यांची मोठी डोकेदुखी गणित करण्याची नसते. गणिताला लागणारे आकडे मोठ्या पण दूरच्या मेमरीतून छोट्या पण जवळच्या मेमरीत वेळेवर आणून ठेवण्याची असते. वेळेवर आले नाहीत तर चिप बसून राहते. आकडे कोट्यवधींत गेले, पण प्रश्न गेम बॉयचाच राहिला.

दुसरा आक्षेप पालकांचा. मुलं आधीच मोबाइलवर गेम खेळून वाया चालली आहेत, त्यात तुम्ही आणखी गेम शिकवा! ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. पण खेळणं आणि खेळ उघडून बघणं यांत फरक आहे. रस्त्यावर गाडी उडवणारा मुलगा वेगळा आणि गॅरेजमध्ये इंजिन खोलणारा वेगळा. पडद्यावर आपला एक चौकोन डावीकडून उजवीकडे नीट सरकवण्यासाठी जो मुलगा चार दिवस डोकं खाजवतो, त्याला गेमचं व्यसन लागण्याआधी गेमचं भांडं उघडं पडलेलं असतं.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. अभ्यासक्रम आम्ही ठरवत नाही, किट आहे ते आहे, वेळ नाही. मान्य. पण मी प्रयोग बदला म्हणत नाही. किटवर तीन प्रश्न शिकवा आणि चौथ्यासाठी दोन तास काढा, एवढंच म्हणतो. गेम बॉयचं खरं यंत्र विकत घ्यावं लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर चालणारे इम्युलेटर आणि असेंब्लर फुकट मिळतात. यंत्राच्या आतली माहिती हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून लिहून ठेवली आहे, तीही फुकट. स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवायला कुणाचा खेळ चोरून उतरवावा लागत नाही. अडचण आहे ती एकच. हे सगळं इंग्रजीत आहे.

औंढ्याचा प्रश्न

हे सगळं हिंगोलीच्या निमित्ताने का लिहितो आहे? कारण आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभं राहतं आहे. २०१६मध्ये त्याला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात लेझर आणि दूरच्या आकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींची चाहूल. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ला पहिली लहर टिपली होती.

अमेरिकेतल्या त्या यंत्रांत मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदवला जातो. दोन नोंदींच्या मध्ये सुमारे ६१ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात आकडा उचलायचा, हिशेब करायचा, आरशांना सावरणारा हुकूम सोडायचा आणि पुढच्या आकड्यासाठी तयार व्हायचं. उशीर झाला तर तो क्षण परत येत नाही. गेम बॉयच्या प्रोग्रामरला मिळणाऱ्या १.१ मिलिसेकंदांपेक्षा ही मुदत कितीतरी आखूड आहे, पण धडा तोच. तयारी आधी, कॉपी वेळेत, तपासणी नंतर.

प्रकल्प सुरू होईल तेव्हा बाहेरून शास्त्रज्ञ येतील, त्यांचं स्वागतच आहे. पण हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याची मुलं तिथे कोण म्हणून जातील? गेटवरचे पहारेकरी, गाड्यांचे ड्रायव्हर, कँटीनमधले आचारी? या कामांत कमीपणा काही नाही. पण नियंत्रण कक्षातल्या एखाद्या खुर्चीवर आपल्या जिल्ह्यातली मुलगी बसलेली असावी, ही अपेक्षा फार मोठी आहे का? त्या खुर्चीपर्यंतची वाट ‘तीन महिन्यांत कोडिंग’च्या जाहिरातींतून जात नाही. यंत्राच्या आत काय चालतं हे विचारायची सवय लागते, तिथून ती सुरू होते.

इथे मला आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलांबद्दलही बोलायचं आहे. मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसलेली आपली पोरं बोर्ड बघून कुठली चिप गेली ते सांगतात. सूक्ष्म सोल्डरिंग त्यांच्या हाताला बसलेलं असतं. डेटा एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये घेणं हा त्यांचा रोजचा धंदा. पण त्या डेटाचं आत काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. शाळा मधेच सुटलेली असते, नाहीतर उर्दू माध्यमातून दहावी झाल्यावर अकरावी सायन्सच्या इंग्रजीने धडकी भरवलेली असते. हुनर आहे, इल्म तुटलेलं आहे. दुसरीकडे कॉलेजातल्या मुलाकडे जर्नल आहे, पण हाताला सवय नाही. या दोघांना एका टेबलावर बसवलं तर दोघांचंही भलं होईल.

काय करता येईल?

मोठ्या योजना मी सुचवणार नाही. हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून आहे. तिथून शिकून गेलेली कितीतरी माणसं पुण्यात, बंगळुरूत, परदेशात याच प्रकारचं काम करतात. त्यांच्यापैकी चार जणांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आल्यावर आठ दिवस द्यावेत. एखाद्या वाचनालयाची खोली, पाच-सहा जुने लॅपटॉप आणि दहा मुलं पुरेत. मुलींना आवर्जून बोलवावं, कारण मोबाइलच्या दुकानाचा रस्ता त्यांच्यासाठी बंदच असतो.

पहिल्या दिवशी दहा बाइट हलवायचे. दुसऱ्या दिवशी चुकीची संख्या टाकून काय सांडतं ते बघायचं. तिसऱ्या दिवशी एक टाइल पडद्यावर आणायची, त्यावर प्रत्येकाने आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं. आठ बाय आठ ठिपक्यांत ‘ह’ कसा बसवायचा, उर्दूतला ‘जीम’ कसा बसवायचा, यातच अर्धा दिवस मजेत जाईल. चौथ्या दिवशी ते अक्षर चुकीच्या वेळी पाठवून त्याच्या चिंध्या होताना बघायच्या. चिंध्या का झाल्या हे ज्याला स्वतःहून सांगता आलं, त्याला प्रमाणपत्राची गरज नाही.

सोबत कुणीतरी मराठीत वीस-पंचवीस पानांची पुस्तिका लिहावी. बाइटला बाइट म्हणा, रजिस्टरला रजिस्टर म्हणा. शब्दांचं सोवळं नको. पण ‘दार बंद असताना टाकलेला बाइट हरवतो’ हे वाक्य मुलाला त्याच्या भाषेत वाचायला मिळालं पाहिजे. तीच पुस्तिका उर्दूत आली तर आणखी चांगलं.

आणि कॉलेजातल्या शिक्षकांना एकच विनंती. जर्नलवर सही करण्याआधी मुलाला एवढंच विचारा, संख्येच्या जागी शून्य टाकलं तर काय होईल? ज्याने उतरवलं असेल तो गप्प बसेल, ज्याने करून पाहिलं असेल तो २५६ म्हणेल. गप्प बसलेल्याला नापास करू नका. त्याला किटसमोर बसवा, शून्य टाकायला सांगा आणि काय झालं ते त्याला स्वतः मोजू द्या.